खोट

"तुमच्या अर्जात खोट काढायला जागाच नाही, सिंधुताई," असं डॉक्टर आगाशे म्हणाले आणि मी दचकले. स्तुतीनं माणूस खुलतो म्हणतात. मी अशी दचकले, की मांडीवरची पर्स खाली पडली. ती उचलायला वाकले तेव्हा टेबलाखाली मला दोन जोड पाय दिसले. एक पॉलिश केलेल्या बुटांतले, ते मुंबईच्या डॉक्टर आगाश्यांचे. दुसरे चपला बाजूला सारून एकावर एक घेतलेले, टाचांना भेगा पडलेले, ते मगनभाईंचे. मगनभाई तापीकाठचे गुजर शेतकरी. केळी आणि ऊस यांच्यात जन्म गेला, आणि आता न्यासानं त्यांना 'स्थानिक सभासद' म्हणून निवड समितीवर बसवलं होतं. मी पर्स शोधायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लावला. टेबलाखाली बरं वाटत होतं. वर आले तेव्हा डॉक्टर शिंकत होते. हिवाळ्यात नंदुरबारच्या हवेतच मिरची असते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि पाहुणा किती शिकलेला आहे ते विचारून ती त्याच्या नाकात शिरत नाही. डाकबंगल्याच्या त्या खोलीत दोन शिंकांच्या मधल्या जागेत माझं भवितव्य ठरत होतं.

प्रकरण साधं होतं. मुंबईच्या एका न्यासानं शिष्यवृत्ती काढली होती. ज्या समाजांतून आरोग्यशास्त्रात आजवर एकही संशोधक निघाला नाही, त्यांच्यातल्या मुलामुलींसाठी. तीन वर्षं संशोधन करायचं, आपल्या विषयावर, आपल्या नावावर. मी पुण्यात बी.एस्सी. करून एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. काचपट्ट्या धुण्यापासून सुरुवात करून सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचले होते. माझं नाव सिंधु वाहरू भिल. आडनाव शाळेच्या हजेरीपटात गुरुजींनी घातलं. आडनाव काय, असं त्यांनी विचारलं, बापानं खांदे उडवले, आणि जात होती तीच त्यांनी आडनावाच्या जागी लिहून टाकली. धानोऱ्याच्या भिलाटीतून, भिल्लांच्या वस्तीतून, इथपर्यंत आलेली मी पहिलीच, असं डॉक्टर आगाशे दोनदा म्हणाले. ते मनापासून म्हणत होते, हे मला कबूल आहे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. "विषय फार चांगला आहे," ते म्हणाले. "भिल्ल मुलांमधला हा सांध्यांचा आजार, रक्तातल्या पेशी वाकण्याचा. यावर काम व्हायलाच हवं. पण ताई, स्पष्ट बोलतो. आकडेमोड, प्रबंध, इंग्रजी, हे सगळं तुम्हाला एकटीला जड जाईल. आमच्याकडे एक हुशार तरुण डॉक्टर आहे. विषय त्याला देऊ. तुम्ही त्याच्या सहायक व्हा. गावोगाव जाऊन रक्त आणायचं. तुमच्या लोकांत शिरायला तुमच्यासारखं दुसरं कोण मिळणार? पगारही शिष्यवृत्तीपेक्षा बरा पडेल. घाई नाही, चार वाजेपर्यंत विचार करा."  मगनभाई सुपारी कातरत माझ्याकडे पाहत राहिले. माझा बाप ज्यांच्याकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबत होता, ते घर मगनभाईंचं नव्हतं. पण तसल्याच एका घराच्या ओसरीखाली मी लहानपणी पुष्कळ वेळा उभी राहिले होते, आणि त्या नजरेखाली माझे हात आपोआप मागे जातात. मी ते पुढे आणले आणि उठले.

बाहेर निंबाखाली माय बसली होती. फडकं सोडून भाकरी पुढ्यात मांडून ठेवली होती. मी आल्याशिवाय खाणार नाही, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. ती माझ्याबरोबर आली याचं मला सकाळपासून नवल वाटत होतं. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा ती स्टेशनापर्यंतही आली नव्हती. निंदणी बुडते म्हणाली होती. आज मात्र पहाटे उठून, लुगडं बदलून, धानोऱ्याहून माझ्याआधी पाय उचलत चालत आली. भाकर मोडून माझ्या हातात देत तिनं डाकबंगल्याच्या दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ह्या त्याच मानसं शेतस का वं?"

"कोन त्या?"

"उखानं रगत लई गयथात त्या."

भाकर माझ्या हातात राहिली. म्हणजे माय माझ्यासाठी आलेली नव्हती. 'रक्ताची माणसं आली आहेत' एवढंच माझ्या बोलण्यातलं तिला कळलं होतं, आणि चौदा वर्षांनी का होईना, माझ्या धाकट्या भावाचं, उखाचं रक्त नेणारी माणसं परत आली असं धरून ती लुगडं बदलून आली होती. आत ज्या शब्दाला मी दचकले होते, तो शब्द इथं बाहेर निंबाखाली भाकर मोडत बसला होता. मला हसू येईल असं वाटलं, आणि आलं नाही.

पन्नास सालचा हिवाळा. मी दहा वर्षांची. शाळेत जीप आली. जीप शाळेत येणं म्हणजे देव गाभाऱ्यातून चालत बाहेर येण्यासारखंच; आम्ही वर्गातून सुटलो ते थेट चाकांपर्यंत. पांढऱ्या कोटातली माणसं उतरली. भिलाटीतली पोरं वेगळी काढा म्हणाली. आम्हाला वेगळं काढण्याची गुरुजींना सवय होतीच, पण या वेळी ते आदरानं झालं. माझा धाकटा भाऊ उखा पाच वर्षांचा होता. नावनोंदणी नव्हती, पण घरी कोणी नसायचं म्हणून तो माझ्या वर्गाच्या दाराशी बसायचा. त्या दिवशीही बसला होता, हात बगलेत धरून. थंडी पडली की त्याच्या हातांच्या पाठी सुजायच्या, गुडघे दुखायचे, आणि तो रडायचा नाही, नुसता गप्प व्हायचा. रडणारी पोरं परवडतात. उखाच्या त्या गप्प बसण्याची आम्हाला सगळ्या घराला भीती वाटायची. कोटवाल्यांनी त्याचे हात बघितले आणि एकमेकांत इंग्रजीत काहीतरी बोलले, आणि मग बाकीच्यांच्या बोटातून थेंब घेतला तर त्याच्या दंडातून काचेची नळी भरून घेतली. हाताच्या सुजेवरून एकानं अंगठा फिरवला, अगदी हलका. तो स्पर्श उखाला इतका आवडला, की मग कित्येक दिवस तो मला तसंच करायला लावायचा. माय तेवढ्यात शेतातून धावत आली होती. नळीतलं ते काळपट लाल बघून ती घाबरली आणि एवढं रक्त कशाला नेतात म्हणून गुरुजींना विचारायला लागली, "मास्तर, मन्हा पोऱ्यानं इतलं रगत काब्र लई जाई ऱ्हायनात?" गुरुजी साताऱ्याकडचे, भाषा शुद्ध, स्वभाव मऊ. ते म्हणाले, "घाबरू नका बाई. रक्त तपासतील. त्यात काय खोट आहे ती काढतील."

यात गुरुजींचं काही चुकलं नाही. पुण्यात खोट काढणं म्हणजे दोष दाखवणं. पुण्यात तर मी आयुष्यभराचं पाहिलं; तिथं माणसं सकाळी दात घासायच्या आत एकमेकांची खोट काढतात. पण धानोऱ्याच्या भिलाटीत काढणं म्हणजे काढणं. डाळीतले खडे काढतात आणि डाळ परत डब्यात जाते. पायातला काटा काढतात आणि पाय परत चालायला लागतो. मायनं धरलं ते असं, की रक्त नेलंय, त्यातली खोट निवडून काढतील, आणि साफ झालेलं रक्त आणून पोराच्या अंगात घालतील. एवढे शिकलेले लोक, जीपमधून आलेले, रक्त नेतील आणि परत आणणार नाहीत, हे तिच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. मग ती वाट बघायला लागली. शेतावरून येताना फाट्यावर थांबायची, उखाला कडेवर घेऊन. बाजाराच्या दिवशी रनाळ्याच्या बाजूनं कोणी आलं तर विचारायची, जीप दिसली का. भगत म्हणाला, पोराच्या सांध्यांना डाग देऊ, तापलेल्या सळईनं. भिलाटीत सगळे तेच करायचे. माय म्हणाली, नको, त्याचं रगत साफ होऊन येणार आहे, उगाच कातडी कशाला जाळू. त्या चुकीचे उपकारच म्हणायचे. उखाच्या अंगावर एकही डाग नव्हता. तिसऱ्या हिवाळ्यात त्याला ताप आला, छाती भरली, आणि दोन दिवसांत तो गेला. गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. माय त्यानंतरही फाट्यावर थांबायची. आता कशाला, असं बाप एकदा म्हणाला. तर ती म्हणाली, त्याचं आहे ते, आलं तर घ्यायला नको का कोणी.

हे सगळं मी पुण्यात कुणालाही सांगितलं नाही. वसतिगृहातल्या मुलींना माझ्यात जी गोडी होती ती वेगळी होती. तुम्ही धनुष्यबाण चालवता का, मोहाची दारू कशी लागते, होळीला मुली पळवतात ते खरं का. मी सांगायची, हो, रोज एक पळवतात, म्हणून तर मी इथं आले. त्या हसायच्या, मीही हसायची.  मग प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि एका दुपारी कोणी नसताना मी माझ्याच बोटाला सुई टोचली. थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, हवा शिरू नये म्हणून कडेनं व्हॅसलीन फिरवलं, आणि झाकून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिलं. पेशी गोल असायला हव्यात. त्यातल्या पुष्कळशा वाकल्या होत्या, टोकं निघाली होती. इंग्रजीत या आजाराला विळ्याचं नाव आहे. पोटासाठी जो दिवसभर हातात धरायचा तोच रक्तात निघाला. मला आजार नव्हता. अर्धीच खोट होती माझ्यात, आईबापांपैकी एकाकडूनच आलेली. उखाला दोघांकडून आली. एवढाच फरक. एक पोर पुण्याला आलं आणि एक फाट्यावर राहिलं, ते एवढ्यावरून. मी भिंगावरून डोळा काढला नाही. रडायला येत होतं आणि त्याच वेळी एक विचित्र आनंदही होत होता, लाज वाटावी इतका. कुणीतरी अखेर उखाचं रक्त बघत होतं. कोटवाल्यांनी काय पाहिलं होतं ते मला आता माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. परत येऊन सांगणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, एवढंच. त्या सकाळी मला माझा विषय मिळाला. पेशी का वाकतात हे शोधणारे जगात पुष्कळ आहेत. मला शोधायचं होतं ते हे: किती घरांत आहे, कोणत्या पोरांना हिवाळा जड जातो, दुखणं कशानं टळतं, आणि ज्याचं रक्त घेतलं त्याच्या दारात परत जाऊन सांगितलं तर काय फरक पडतो. अर्जात हे मी इंग्रजीत लिहिलं होतं. तिथं ते फार भारदस्त दिसत होतं.

आणि आता डॉक्टर म्हणत होते, रक्त आणा. दगडापेक्षा वीट मऊ, असं एक मन सांगत होतं. शिष्यवृत्ती नाही तर नोकरी तरी. नाही म्हणालीस तर हेही जाईल आणि तेही. हुशार तरुण डॉक्टर खरंच हुशार असेल. इंग्रजी माझं खरंच कच्चं आहे. पण मला डोळ्यांपुढे दिसत होतं ते भलतंच. मी पांढरा कोट घालून भिलाटीत शिरलेय, बायका माझ्या ओळखीच्या, पोरं पुढे करतायत, कारण वाहरूची पोर आहे, आपलीच आहे. आणि एक बाई विचारते, इतकं रगत कशाला गं? आणि मी गोड आवाजात तिला काहीतरी सांगते. मग ती थांबते फाट्यावर. कोटवाले अनोळखी होते, त्यांची वाट बघणं एक वेळ सोसतं. माझी वाट बघणाऱ्या बाईला मी दर बाजाराला भेटणार होते. नाही, हे आपल्याच्यानं होणार नाही. भीती होतीच, आणि तरी आत कुठेतरी मोकळं वाटायला लागलं होतं.

"ह्या त्या न्हईत, माय," मी म्हणाले. "ह्या दुसरा शेतस."

मायनं मान हलवली. भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवला. मग म्हणाली, "मंग त्यासले इचारी दख. त्या कथा गयात ते."

चार वाजता, ते लोक कुठे गेले हा मायचा प्रश्न बरोबर घेऊन, मी आत गेले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी उभ्यानंच सांगितलं, की सहायक होणार नाही. काम माझ्या नावावर मिळालं तर करीन, आणि अर्जात लिहिलंय तसंच करीन: ज्या घरचं रक्त घेईन त्या घरी परत जाऊन निकाल सांगीन. डॉक्टर आगाशे रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. "ताई, भावना समजते. पण या आजाराला औषध नाही. ज्याला उपाय नाही ते घरोघर सांगून साधणार काय? लोकांना घाबरवायचं?"

"थंडीत पोराला ऊब द्या, पाणी भरपूर पाजा, ताप आला तर भगताकडे न नेता त्याच दिवशी दवाखान्यात आणा, एवढं सांगता येतं," मी म्हणाले.  "दोन्हीकडे अर्धी खोट असेल तर सोयरीक करण्याआधी सांगता येतं. आणि काहीच सांगता येत नसेल, तर आम्हाला कळलं नाही, एवढं तरी सांगता येतं. माझ्या भावाचं रक्त नेलं त्याला चौदा वर्षं झाली, डॉक्टर. माझी आई बाहेर बसलीय. तिला वाटलं, तुम्ही तेच आहात."

डॉक्टर दाराकडे बघायला लागले. तिथून निंब दिसत नव्हता, पण ते बघत राहिले. मी सर्व घालवलं असं मला वाटलं. तेवढ्यात मगनभाईंनी अडकित्ता खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं, तेही माझ्याशी नाही, डॉक्टरांशी, आणि सरळ आपल्या बोलीत.

"सायेब, दोन सालपहिले मन्ही केळीले रोग ऊना व्हता. सरकारना मानूस ऊना, पानं तोडीसन पुन्याले लई गया. मी म्हनं, गयात ते गयात. पन तो मानूस परत ऊना ना! बांधवर उभा राहीसन माले सांगं, पाटील, असं असं शे, याले औषध नही, हाई बाग काढी टाका." त्यांनी घसा खाकरला. "केळीना निकाल सांगाले मानूस येस, सायेब. पोऱ्याना काब्र येत नही?"

मगनभाई माझी बाजू घेत होते असं मला वाटत नाही. त्यांना खरंच प्रश्न पडला होता, हिशेबी माणसाला पडतो तसा, आणि तो पडला याचं त्यांनाच नवल वाटत होतं. डॉक्टरांना शिंक आली. दुसरी आली. रुमालातून तोंड बाहेर काढून त्यांनी समोरचा कागद ओढला आणि एकदम वेगळ्याच, कोरड्या, वर्गातल्या आवाजात विचारलं, "किती घरं घेणार?" मी सांगितलं. "निवडणार कशी? जवळची तेवढी घेतलीत तर मी ती रद्द करीन." निवड कशी करणार तेही मी सांगितलं. "आणि तुलना कशाशी? नुसती भिल्लांची घरं तपासून काही सिद्ध होत नाही." हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आजवर मला विचारलं होतं ते धनुष्यबाणाबद्दल. हे प्रश्न डॉक्टर आपल्या हुशार तरुण डॉक्टरला विचारतील तसे विचारत होते, दया न करता, आणि मला इतका आनंद झाला की कानशिलं गरम झाली. मी म्हणाले, "तुलनेला त्याच गावातली दुसरी घरं घ्यावी लागतील. पाटलांची, गुजरांची. तेवढीच घरं, त्याच वयाची माणसं."

"म्हंजे मन्हं बी रगत?" मगनभाई दचकून म्हणाले.

"हो काका."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. ओसरीवरून बघतात तसं नाही. मग त्यांनी सदऱ्याची बाही जराशी वर केली आणि परत खाली ओढली, जणू मी आत्ताच सुई घेऊन उभी आहे. "लई ले," ते म्हणाले. "पन बेन, निकाल सांगाले येजो."

डॉक्टर आगाशे हसले. उठले. "शिष्यवृत्ती तुमच्या नावावर. मार्गदर्शक मी. तुम्हाला जमणार नाही असं मला अजूनही वाटतं, आणि ते खोटं ठरलं तर मला वाईट वाटणार नाही. जूनपासून सुरू करा." हात जोडले, पुन्हा शिंकले.

मी बाहेर आले तेव्हा पायांना जमीन लागत नव्हती. निंबाची सावली लांब पूर्वेला गेली होती आणि माय तिच्यामागोमाग सरकत कुंपणाजवळ पोचली होती. मी तिच्याशेजारी बसले. शिष्यवृत्ती म्हणजे काय ते सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कारण आता काम माझं होतं, माझ्या नावावर होतं, आणि पहिलं घर समोरच होतं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. की रक्त परत येत नसतं, माय. खोट काढणं म्हणजे ती शोधणं, काढून टाकणं नाही. गुरुजी बोलले ते वेगळं होतं. उखाच्या रक्तात काय होतं तेही सांगितलं, ते तिच्याकडून आणि बापाकडून दोघांकडून आलं हे सांगितलं, त्यात कुणाचा गुन्हा नाही हे सांगितलं, थंडीत त्याला ऊब लागायची ती ती देतच होती हेही सांगितलं. माय जमिनीकडे बघत ऐकत होती. तिनं हात सोडवून घेतला नाही. माझं सांगून झालं तरी ती बोलेना, आणि मला उखाच्या गप्प बसण्याची आठवण होऊन भीती वाटायला लागली.

"रगत येत नही हाई माले ठाव शे," ती शेवटी म्हणाली. "उखा गया तव्हयच माले समजनं. मी काय येडी शे का?"

"मंग तू फाटावर काब्र थांबे, माय?"

"कोनीतरी येवाले जोयजे व्हतं ना वं. रगत नको. हाई आते तू सांगं, तितलंच सांगाले." तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, नुसतं तोंड. फडकं झटकलं, गाठ मारली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू जाशी ना सगळासना घर?"

"जासू," मी म्हणाले.